साप बॅगेत, उतारा बँकॉकात

१ जून २०२५ रोजी मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी थायलंडहून परतलेल्या एका प्रवाशाला थांबवले आणि त्याचे चेक-इन सामान उघडले. आत ४७ विषारी साप निघाले. ४४ इंडोनेशियन पिट व्हायपर, तीन ‘स्पायडर-टेल्ड हॉर्न्ड व्हायपर’ आणि वर पाच एशियन लीफ कासवे. विभागाने प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांत एका पसरट भांड्यात एकमेकांत गुंतलेले रंगीबेरंगी साप दिसतात. फोटो फिरले, ‘काय एकेक लोक असतात!’ असे म्हणून झाले आणि विषय मागे पडला.

त्या तीन सापांविषयी थोडे सांगायला हवे, कारण या हौसेचे टोक तेच आहे. हा शिंगे असलेला, घोणशीच्या कुळातला साप पश्चिम इराणमधल्या झाग्रोस डोंगररांगांत राहतो. त्याच्या शेपटीच्या टोकाला एक फुगीर गाठ असते आणि गाठीभोवती लांबट खवले. साप खडकाच्या रंगात मिसळून निश्चल पडतो आणि फक्त शेपूट हलवतो. पाहणाऱ्याला वाटते, खडकावर कोळी चालला आहे. तो टिपायला पक्षी उतरतो आणि सापाच्या तोंडी जातो. १९६८मध्ये गोळा केलेला त्याचा एक नमुना शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये कित्येक वर्षे पडून होता. स्वतंत्र जात म्हणून त्याची शास्त्रीय नोंद व्हायला २००६ उजाडले. विज्ञानाशी ज्याची ओळख होऊन वीस वर्षेही झाली नव्हती, तो साप भारतात कुणाला तरी घरातल्या काचपेटीत हवा होता.

वर्तमानपत्रांनी सापांची किंमत किती, टोळी कोणती, याची चर्चा केली. मला पडलेला प्रश्न साधा आहे. यातला एखादा साप मालकाला, त्याच्या आईला किंवा खालच्या मजल्यावरच्या मुलाला चावला असता तर? भारतातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या फ्रीजमध्ये यांच्यावरचा उतारा नाही. आग्नेय आशियातल्या हिरव्या पिट व्हायपरांवरचे प्रतिविष थायलंडच्या रेडक्रॉसची क्वीन सोवाभा मेमोरियल इन्स्टिट्यूट तयार करते, आणि ही संस्था बँकॉकमध्ये आहे. ज्या देशातून साप आले तिथेच त्यांतल्या पिट व्हायपरांवरचा उताराही होता. बॅगेत मात्र तो कुणी भरला नव्हता.

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर मुंबईपेक्षा हैदराबादकडे पाहावे असे मला वाटते. साप, सापांचे विष, विषावरचा उतारा आणि सापांचा डीएनए ही सगळी प्रकरणे या एका शहरात नांदतात. परदेशी प्राणी परवडतील असे पगार तिथे आहेत, ते ठेवायला मोठाले व्हिला आणि फ्लॅट आहेत, आणि बँकॉकला थेट जाणारी विमानेही आहेत.

हैदराबादला परदेशी सरपटणाऱ्या प्राण्यांचे अप्रूप नवे नाही. १६ मार्च २०२४ रोजी तिथल्या नेहरू प्राणी उद्यानात गॅलापागोसचे एक महाकाय कासव वारले. वय सुमारे १२५ वर्षे. १९६३मध्ये हे उद्यान सुरू झाले तेव्हा ते बाग-ए-आममधून, म्हणजे पब्लिक गार्डनमधून, तिथे हलवले होते. प्रशांत महासागरातल्या बेटावरचा हा जीव निजामाच्या राजवटीपासून तेलंगण राज्यापर्यंत सगळे पाहून गेला आणि त्याने कुणाचे काही बिघडवले नाही. परदेशी प्राणी म्हटला की संकटच, असे समजायचे कारण नाही. कोणता प्राणी, कुणाकडे आणि कशाच्या भरवशावर, एवढेच विचारायचे.

देशी सापांशी तर हैदराबादचा रोजचा संबंध. शहर मोठमोठ्या शिळांच्या पठारावर वसलेले आहे. गचीबोवली, कोंडापूर, माधापूर या भागांत शिळा फोडून इमारती उठल्या आणि कपारींतले साप पार्किंगमध्ये आले. १९९५पासून तिथे ‘फ्रेंड्स ऑफ स्नेक्स सोसायटी’ काम करते. फोन आला की स्वयंसेवक जातात, साप धरतात आणि वनखात्याच्या देखरेखीखाली जंगलात सोडतात. वर्षाला हजारो साप, आणि त्यांत नागांचा वाटा मोठा. नागपंचमीच्या आधी गारुड्यांच्या टोपल्यांतून नाग सोडवण्याच्या मोहिमाही तिथे होतात. जुलै २०२३मधली अलवाल भागातली घटना तर अस्सल हैदराबादी म्हणावी अशी आहे. पावसाचे पाणी घरात शिरले, त्याबरोबर साप आला. तक्रार करूनही महापालिकेचे कुणी फिरकेना, तेव्हा वैतागलेल्या तरुणाने तो साप उचलला आणि थेट वॉर्ड कार्यालयातल्या टेबलावर आणून सोडला. त्याचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. (असे वॉर्ड कार्यालय आपल्याकडेही कुणाकुणाला आठवेल, पण कृपया अनुकरण करू नये.)

आणि हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संशोधन संस्थेचे देशावरचे ऋणही सापाच्याच वाटेने आले आहे. डॉ. लालजी सिंग यांनी पट्टेरी मण्यारीच्या डीएनएवर संशोधन करून एक ‘प्रोब’ शोधला. पुढे १९८८च्या सुमारास त्याच्याच आधारे या संस्थेत देशी डीएनए फिंगरप्रिंटिंग उभे राहिले. राजीव गांधी हत्येपासून दिल्लीच्या तंदूर खटल्यापर्यंत कितीतरी प्रकरणांत जे तंत्र वापरले गेले, त्याच्या मुळाशी मण्यार आहे. याच संस्थेची ‘लॅकोन्स’ ही शाखा आज मांसाच्या तुकड्यावरून किंवा कातडीवरून प्राण्याची जात ओळखून देते आणि वन्यजीव तस्करीच्या खटल्यांत तो पुरावा ठरतो.

उरला उतारा. तोही हैदराबादेत तयार होतो.

भारतात सर्पदंशावर जे प्रतिविष मिळते ते चार सापांसाठी आहे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. विष गोळा करण्याचे काम प्रामुख्याने तमिळनाडूतले इरुळा आदिवासी करतात, त्यांची सहकारी संस्था १९७८पासून आहे. हे विष थोड्या थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, ती वेगळी काढून कुपीत भरतात. मात्रा ठरलेली असते: एक मिलिलिटर प्रतिविषाने नागाचे ०.६ मिलिग्रॅम, घोणशीचे ०.६, मण्यारीचे ०.४५ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ झाले पाहिजे. दहा मिलिलिटरची एक कुपी, आणि विषबाधा झालेल्या रुग्णाला सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. यादीत पाचवा साप नाही. भारतातच सापडणाऱ्या नागराजावर किंवा सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्यावरही या कुपीचा भरवसा देता येत नाही, मग इंडोनेशियातल्या किंवा इराणमधल्या सापाचे काय घेऊन बसलात?

गंमत अशी की हैदराबादची ‘व्हिन्स बायोप्रॉडक्ट्स’ ही कंपनी आफ्रिकेतल्या सापांवरचेही प्रतिविष बनवते. पफ ॲडर, गॅबून व्हायपर, मांबा, आफ्रिकी नाग यांच्यावरचा हा उतारा आफ्रिकेतल्या बाजारासाठी असतो आणि तिथेच जातो. त्यामुळे हैदराबादच्या एखाद्या फ्लॅटमध्ये चोरून पाळलेला गॅबून व्हायपर चावला, तर उताऱ्याचा कारखाना जवळपास असूनही रुग्णालयात कुपी नसेल. ती ठेवावी असे रुग्णालयाला का वाटावे? असा साप शहरात आहे हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

समजा, रात्री अकराला एक तरुण सुजलेला हात घेऊन अपघात विभागात आला. डॉक्टर ठरलेली चाचणी करतात: थोडे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. रक्त गोठले नाही तर घोणस किंवा फुरसे समजून प्रतिविष सुरू करायचे. आपल्या खेड्यापाड्यांत या साध्या चाचणीने असंख्य जीव वाचवले आहेत. पण परदेशी पिट व्हायपरच्या विषानेही रक्त गोठेनासे होते. नळी तेच सांगते आणि डॉक्टर आपली कुपी टोचतात. रुग्णाला घोड्याच्या प्रथिनांची ॲलर्जी मात्र होऊ शकते, गुण काहीच येत नाही. आता तरुणाने खरे सांगितले तर निदान फोनाफोनी सुरू होईल. पण साप बेकायदा असेल तर तो खरे सांगेल का? ‘बागेत काहीतरी चावले’ असे सांगून त्याने वेळ मारून नेली, तर मारली जाते ती त्याचीच वेळ.

जाणकार असले म्हणजे सुटका होते, हाही भ्रम आहे. कार्ल श्मिट हे अमेरिकेतले नामांकित सरीसृपतज्ज्ञ, त्याच फील्ड म्युझियममधले. सप्टेंबर १९५७मध्ये शिकागोच्या लिंकन पार्क प्राणी संग्रहालयाने ओळख पटवायला पाठवलेला एक लहानसा आफ्रिकी बूमस्लँग त्यांच्या अंगठ्याला चावला. मागच्या बाजूला दात असलेला एवढासा साप काय करणार, असे त्यांना वाटले असावे. ते उपचारांना गेले नाहीत. ताप, हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त, अशी आपली लक्षणे त्यांनी वेळ घालून लिहून ठेवली. चोवीस तासांत ते गेले. सापांचा अभ्यास करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. आपल्याकडचे हौशी लोक रीळ पाहून शिकतात.

*

हे साप येतात कसे? नोव्हेंबर २०२३पासून भारतीयांना थायलंडला व्हिसा लागत नाही, तिकिटे स्वस्त आहेत, आणि बँकॉकचा चतुचक बाजार पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी जगभर ओळखला जातो. वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेने जून २०२५मध्ये सांगितले की आधीच्या साडेतीन वर्षांत थायलंड-भारत हवाई मार्गावर सात हजारांहून अधिक प्राणी, जिवंत आणि मेलेले, पकडले गेले. याच संस्थेच्या आधीच्या अहवालानुसार २०११ ते २०२० या दशकात देशातल्या १८ विमानतळांवर तस्करीची सुमारे १४० प्रकरणे उघडकीस आली आणि त्यांत सर्वाधिक वाटा सरपटणाऱ्या प्राण्यांचा होता. कारण उघड आहे. साप ओरडत नाही, बरेच दिवस खात नाही, आणि मोज्यात गुंडाळला की मावतो.

ऑक्टोबर २०२२मध्ये मुंबईच्या एअर कार्गोमध्ये मलेशियाहून ‘मत्स्यालयातले मासे’ म्हणून खोकी आली. महसूल गुप्तचर संचालनालयाने ती उघडली तर त्यांत कासवे, साप, सरडे, इग्वाना असे ६६५ प्राणी होते. त्यांतले ११७ मेलेले. सप्टेंबर २०२३मध्ये बेंगळुरू विमानतळावर बँकॉकच्या विमानातून आलेल्या बेवारस बॅगेत ५५ बॉल पायथन, १७ नागराज आणि सहा कपुचिन माकडे सापडली. साप जगले, माकडे गुदमरून मेली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत बिस्किटांच्या पुड्यांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक मिळाले. एप्रिल २०२४मध्ये पुन्हा बेंगळुरू: दहा पिवळे ॲनाकोंडा. त्याच वर्षी विशाखापट्टणमला केकच्या पाकिटांतून ऑस्ट्रेलियन निळ्या जिभेचे सरडे निघाले. जून २०२५मध्ये तर मुंबईत व्हायपरनंतर महिना संपायच्या आत आणखी दोन खेपा सापडल्या. एका खेपेत १६ साप होते: गार्टर स्नेक, गेंड्यासारखे नाक असलेला ऱ्हायनो रॅट स्नेक, केनियाचा सँड बोआ.

पकडलेले प्राणी शक्यतो आल्या विमानाने परत पाठवतात. परत गेल्यावर त्यांचे काय होते, ते पुन्हा कोणत्या बॅगेत जातात, याचा पाठपुरावा होत नाही.

यादी नीट पाहिली तर दोन वेगवेगळी गिऱ्हाइके दिसतात. बॉल पायथन हा पश्चिम आफ्रिकेतला बिनविषारी, शांत साप. घाबरला की स्वतःभोवती चेंडूसारखे वेटोळे घालतो. त्याच्या रंगांच्या शेकडो जाती पैदास करून काढल्या आहेत, आणि त्या विकत घेणारा बहुधा खरोखरच प्राण्यांचा शौकीन असतो. तापमान, ओलावा, कात, उंदराचा आकार, सगळ्याची तो वही ठेवतो. त्याच्याशी माझे फारसे भांडण नाही, असलेच तर तो प्राणी कसा आणला यावरून. दुसरे गिऱ्हाईक व्हायपर आणि नागराज घेणारे. इथे शौक धोक्याचा आहे. साप जितका जहाल तितका मालक मोठा. हैदराबादच्या मुर्गी चौकात पक्ष्यांचे पिंजरे राजरोस दिसतात, तसे हे साप कुठे मांडलेले दिसत नाहीत. त्यांचा बाजार फोनवर भरतो, आणि घेतलेला साप दाखवायलाही फोनच लागतो.

सापाबरोबर बहाद्दुरी दाखवण्याचा नाद आपल्या मराठी मुलखालाही जुनाच. १९८०मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत बसले आणि विक्रम केला. पण खैरे तिथे थांबले नाहीत. पुढे १९८६मध्ये कात्रजचे सर्पोद्यान त्यांच्या प्रयत्नांतून उभे राहिले आणि पुण्यातल्या पिढ्यांची सापाची भीती तिथे कमी झाली. त्या ७२ तासांनी साप आपण होऊन चावत नाही हे लोकांना दाखवले. आजची रीळ हे दाखवते की साप चावला तरी मी चालवून घेईन. सर्पमित्र म्हणवणारे कितीतरी तरुण याच हव्यासात जीव गमावून बसले आहेत. तिकडे बत्तीस शिराळ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांची पूजा थांबली, आणि २०२५मध्ये केंद्राने ‘शिक्षणासाठी’ म्हणून २१ नाग पकडायला परवानगी दिली. शिक्षण कशाचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

हौशी माणसाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर ते अन्यायाचे होईल. अमेरिकेतला टिम फ्रीडी हा मेकॅनिक घरी साप पाळत असे. २००१मध्ये दोन नाग लागोपाठ चावून तो चार दिवस कोमात होता. त्यानंतरही सुमारे १८ वर्षे तो स्वतःला विषाचे डोस टोचत राहिला आणि दोनशेवर दंश त्याने मुद्दाम घेतले. त्याच्या रक्तातली दोन प्रतिपिंडे आणि एक औषध मिळून शास्त्रज्ञांनी जे मिश्रण केले, त्याने उंदरांना नागकुळातल्या १९ जातींच्या विषापासून पूर्ण किंवा अंशतः वाचवले. ‘सेल’ या नियतकालिकात मे २०२५मध्ये हा निबंध आला. व्हायपरांवर त्याचा उपयोग नाही आणि माणसांवर चाचण्या व्हायच्या आहेत. शिवाय आपल्यासारखे कुणी करू नये, असे फ्रीडी स्वतःच सांगतो.

*

आता कायद्याकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा देशी प्राण्यांसाठी झाला. घरात नाग ठेवला, तारा कासव ठेवले, पोपट पिंजऱ्यात ठेवला तरी गुन्हा. परदेशी प्राणी या कायद्याच्या कक्षेत नव्हते. विमानतळावर पकडले तर सीमाशुल्क कायदा लागायचा, विमानतळाबाहेर पडले की मालक मोकळा. जून २०२०मध्ये केंद्र सरकारने एक ऐच्छिक योजना आणली: तुमच्याकडचे परदेशी प्राणी सहा महिन्यांत जाहीर करा, कागदपत्रे विचारणार नाही. मुदत पुढे मार्च २०२१पर्यंत वाढली. चोरीचा माल धुऊन घ्यायची ही सोय आहे, अशी टीका तेव्हा झाली, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. मग २०२२च्या दुरुस्तीने कायद्यात नवी चौथी अनुसूची आली. दुर्मीळ प्राण्यांच्या व्यापारावरच्या ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय करारातल्या जाती तीत घेतल्या. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून अमलात आली. २८ फेब्रुवारी २०२४च्या नियमांनी असे प्राणी बाळगणाऱ्यांना ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली आणि सहा महिन्यांची मुदत दिली. ती २८ ऑगस्ट २०२४ला संपली.

कागदावर हे चांगलेच आहे. पण सायटिस एकच प्रश्न विचारतो: व्यापारामुळे ही जात नष्ट होईल का? जात माणसाला घातक आहे का, हा त्याचा विषयच नाही. कोळी-शेपटीचा साप २०२२मध्ये त्याच्या यादीत आला तो दुर्मीळ म्हणून, जहाल म्हणून नव्हे. आफ्रिकेतला काळा मांबा त्या यादीत नाही. पफ ॲडर नाही, गॅबून व्हायपर नाही, पिट व्हायपरांच्या बहुतेक जाती नाहीत. परिणाम असा की घरातल्या आफ्रिकन ग्रे पोपटाची नोंदणी सक्तीची आहे आणि काळ्या मांबाची नाही. तो देशात आणायला परवाना लागतो, हे खरे. पण एकदा चोरवाटेने आत आला आणि घरात पोचला की तो कुठे आहे हे विचारणारा कायदा नाही. प्राणी मोकाट सुटून कुणाला इजा होईल अशा निष्काळजीपणाबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ आहे. त्यात शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोकाट बैलाला आणि मांबाला एकच कलम.

आणि ज्या प्राण्यांची नोंद होते, तिथेही प्राण्याच्या मालकीचीच होते. घरात उतारा आहे का, जवळच्या रुग्णालयाला कळवले आहे का, काचपेटीला कुलूप आहे का, तिसऱ्या माणसाला दंश झाला तर भरपाई कोण देणार, या प्रश्नांना त्या अर्जात जागाच नाही.

हे प्रश्न विचारणारे देश आहेत. ब्रिटनमध्ये १९७६पासून ‘डेंजरस वाइल्ड ॲनिमल्स ॲक्ट’ आहे. विषारी साप घरात ठेवायचा तर स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो, पशुवैद्य येऊन जागा पाहतो आणि दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा काढावा लागतो. जर्मनीतल्या हेर्ने शहरात ऑगस्ट २०१९मध्ये एका घरातून नाग निसटला. चार इमारतींतल्या तीसेक लोकांना बाहेर काढले, जिन्यांत पीठ पसरून माग काढायचा प्रयत्न झाला आणि साप सापडायला बरेच दिवस गेले. त्या राज्याने १ जानेवारी २०२१पासून नवे विषारी प्राणी घ्यायला बंदी घातली. आधीपासून असलेल्यांना नोंदणी आणि विमा सक्तीचा केला.

अमेरिकेतल्या रॅली शहराचे उदाहरण आपल्याला जास्त जवळचे आहे, कारण तिथेही सगळे रीळवरच चालले होते. टिकटॉकवर लाखो चाहते असलेल्या एका तरुणाच्या घरी डझनावारी विषारी साप. मार्च २०२१मध्ये त्याला हिरवा मांबा चावला. शेजारच्या राज्यातल्या प्राणी संग्रहालयाने राखीव प्रतिविष दिले म्हणून तो वाचला. तीन महिन्यांनी त्याच्या वस्तीत एका घराच्या ओसरीवर विष थुंकणारा झेब्रा कोब्रा फिरताना दिसला आणि गल्ली घरात कोंडली गेली. हा साप आधीच्या नोव्हेंबरपासून बेपत्ता होता, असे तपासात निघाले. साप त्या तरुणाचाच, पण त्याने हे कुणाला सांगितले नव्हते.

विषच हवे असेही नाही. २०१३मध्ये कॅनडातल्या कॅम्पबेल्टन गावी पाळीव प्राण्यांच्या दुकानावरच्या घरात ठेवलेला आफ्रिकन अजगर निसटून छतातून खोलीत उतरला आणि झोपेत दोन लहान भाऊ दगावले.

*

बिनविषारी प्राण्यांचे संकट आणखी वेगळे आणि हळू येणारे आहे. इग्वाना घेताना तळहाताएवढा असतो आणि पोपटी दिसतो. तीन-चार वर्षांत तो दीड मीटरचा होतो, शेपटीचा फटका चाबकासारखा बसतो, आणि पुण्या-हैदराबादच्या टू-बीएचकेमध्ये त्याचे करायचे काय हे कुणाला कळत नाही. लाल कानांचे छोटे कासव तर कितीतरी मराठी घरांत ‘शुभ असते’ म्हणून येते. अमेरिकेने चार इंचांहून लहान कासवे विकायला १९७५मध्येच बंदी घातली, कारण मुले ती तोंडाला लावत आणि साल्मोनेलाने आजारी पडत. आपल्याकडे काही वर्षांनी टाकीत मावेनासे झाले की ते तळ्यात सोडतात, वर पुण्य लागल्याचे समाधान. तळ्यातल्या देशी कासवांचे खाणे आणि ऊन खायची जागा मग हे परदेशी पाहुणे बळकावतात.

असे सोडून देणे कुठवर जाऊ शकते ते फ्लॉरिडाने पाहिले. आपल्या ईशान्येतलाही रहिवासी असलेला बर्मी अजगर तिथे पाळीव प्राणी म्हणून गेला. काही मालकांनी सोडून दिले, काही १९९२च्या अँड्र्यू वादळात फुटलेल्या पैदास केंद्रांतून सुटले असे मानतात. २०१२च्या एका अभ्यासात एव्हरग्लेड्सच्या दलदलीत रात्री दिसणाऱ्या रॅकूनचे प्रमाण ९९.३ टक्के, ऑपॉसमचे ९८.९ टक्के आणि बॉबकॅटचे ८७.५ टक्के घटल्याचे आढळले. हे सगळे कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीतून सुरू झाले होते.

आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. तेलंगण ज्यात होते तो जुना आंध्र प्रदेश या मृत्यूंच्या आघाडीच्या राज्यांत होता. ही संख्या २०३०पर्यंत निम्मी करायची योजना केंद्राने मार्च २०२४मध्ये जाहीर केली. उसाच्या फडात अनवाणी उतरणाऱ्या बाईला चार सापांवरची कुपी वेळेवर मिळत नाही, त्या देशात फ्लॅटमधल्या पाचव्या, सहाव्या, सातव्या सापासाठी सरकारने कुप्या मागवून ठेवाव्यात असे मी म्हणणार नाही. उलटेच म्हणेन. ज्या सापावरचा उतारा भारतात नाही, तो विषारी साप खासगी घरात ठेवायला सरळ बंदी हवी. तो सायटिसच्या यादीत असो वा नसो. प्राणी संग्रहालये आणि संशोधन संस्थांना मुभा असावी, तीही कुप्या आधी मागवून ठेवण्याच्या अटीवर. बिनविषारी परदेशी प्राण्यांची नोंदणी चालू राहावी, पण अर्जात काचपेटीचे कुलूप, विमा आणि जवळच्या रुग्णालयाला दिलेल्या सूचनेची पोच मागावी. यासाठी वन्यजीव कायदा ताणायची गरज नाही. घातक प्राण्यांसाठी वेगळा, छोटा कायदा पुरेल.

तोवर एवढे करा. तुमच्या घरात असा प्राणी असेल तर त्याचे शास्त्रीय नाव मोठ्या अक्षरांत काचपेटीवर लिहा आणि दंश झाल्यास डॉक्टरांना खोटे सांगू नका. साप बेकायदा असला तर पुढे खटला होईल, पण नाव लपवलेत तर उपचारच चुकतील. प्राणी नकोसा झाला तर तळ्यात, टेकडीवर किंवा अभयारण्यात सोडू नका, वनखात्याच्या ताब्यात द्या. महाराष्ट्रात वनखात्याची मदतवाहिनी १९२६ आहे.